दोनशे पावलांवरची विहीर

हुडकेश्वर, नागपूर
४ एप्रिल २०२५

दीक्षा साहेबीनबाई, इकडल्या आत्याचा जय भीम घेजो अन् हसजो नोको.

तुले वाटन, मोबाईलच्या जमान्यात आत्या चिठ्ठी काहून लिहून राह्यली. पन फोनवर तू काय करते वं? "हो आत्या, ठीक आत्या" म्हनते अन् तिकडून टकटक टकटक चालूच. चिठ्ठी आली का बसून वाचाच लागते. उत्तरही कागदावरच पाठोजो. मोबाईलात पाठोलं तं शेजारची सरिता माह्या आधी वाचते, मंग मले समजावून सांगते, वरून चहा पिऊन जाते. कुहीच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली हाय मी, तुही चिठ्ठी मले वाचता येते.

तू पाठोलेलं ते बोटानं सरकते तसं चित्र पाह्यलं. आपल्या रोडावर जो उड्डानपूल होनार हाय, तो तुमच्या पुन्याच्या कंप्युटरात आधीच बांधून झाला म्हने. इथी अजून पत्रे ठोकून राह्यले अन् तिकडं तुमचे खांब उभे! पान्याचे पाइप निळे, करंटचे वायर पिवळे, गटारं हिरवी. गटार हिरवं कोनी पाह्यलं बाप्पा? सारा रोड हाय, फक्त मानसं नाई, कुत्रं नाई, अन् आपलं घर नाई. मी भलतं शोधलं.

मंग सरितानं बोटानं जमीन सरकोली. खाली अंधारात एक लाल पिंप. त्याच्यावर बोट लावलं तं अक्षरं आली: "बुजवलेली विहीर. स्रोत: दादाजी नगराळे, चेनमन, निवृत्त."

पोरी, जानेवारीत आपन तुह्या मामाजीले मसनात पोहचवून आलो. अन् इथी तीस फूट खाली त्याहीचं नाव, लाल-लाल. मी सरिताले म्हटलं, बंद कर वं, तिथी त्याहीले गरम होत असन. ती हासली. मीही हासली. मंग ती गेल्यावर मी पंखा बंद करून बसली, काहून ते मले समजलं नाई.

आनखी एक. दहा-बारा दिवस झाले, दुपारी दोनच्या सुमाराले आंगनात पावलं वाजते. ऊन असं का कावळाही बोलत नाई. मी आत चटईवर आडवी. फाटकापासून निंघते, दारापर्यंत येते, अन् बंद. आत कोनी येत नाई. मी मोजले. चौदा पावलं. रोज चौदा.

माह्या सासऱ्यानं छप्पनमंधी दीक्षाभूमीवर उभं राहून देव सोडले, तं मी घरात भूत कायले ठेवन? म्हनून भूत म्हनत नाई. पावलं म्हनते.

तुही आत्या, तुळसाबाई


पुणे
९ एप्रिल २०२५

आत्या,

चार वर्षांनी हातात पेन धरलाय. अक्षर बघून तू आता शाळेवरून मला चिडवशील.

घर नाही म्हणून रागावू नकोस. मॉडेलमध्ये आम्ही पुलाच्या कामाचं तेवढंच ठेवतो. पूर्वी रस्त्याचे नकाशे एका ऑफिसात, पाइपांचे दुसऱ्या, विजेचे तिसऱ्या. मग खांब खोदायला घ्यायचा आणि खालून पाण्याची मोठी लाइन निघायची, अर्धं गाव तहानलेलं. आता सगळ्यांनी एकाच मॉडेलमध्ये काम करायचं. दोन वस्तू एकाच जागी आल्या की लाल होतात. आणि प्रत्येक वस्तूसोबत तिची माहिती असते: कोणी सांगितली, कधी, किती खोल. पूल उभा आहे तोवर ती माहिती राहणार, शंभर वर्षं.

जमिनीखालचं निम्मं कुठल्याच नकाशात नसतं, म्हणून मी ऑफिसात म्हटलं, ज्यांनी ती जमीन मोजली त्या म्हाताऱ्यांना विचारू. साहेब म्हणाले कोणाला? मी म्हटलं माझे मामाजी, तेहेतीस वर्षं सर्व्हेत साखळी ओढलीय. (आत्याच्या नवऱ्याला मामाजी म्हणतात हे इथं दर वेळी समजवावं लागतं.) गेल्या डिसेंबरात मामाजींनी तेवीस गोष्टी सांगितल्या. बावीस त्यांनी काठीनं दाखवल्या आणि आमच्या साइटवरच्या प्रीतमनं मशीननं मोजल्या. विहीर तेवढी राहिली. ती त्यांनी एकट्यानं पहाटे जाऊन मोजली, वहीत लिहिली, आणि दुसऱ्या दिवशी ताप भरला. पुढचं तुला माहीत आहे.

वहीत आहे: "जुन्या नाक्याच्या दगडापासून पूर्वेला रोडाच्या कडेनं २०० पावलं. बांधीव विहीर. नव्वद साली कचऱ्यानं बुजवली." मामाजींचं पाऊल अडीच फुटांचं. म्हणजे पाचशे फूट. बरोब्बर नवव्या खांबाखाली. म्हणून ती लाल आहे.

पण कृष्णकांत सर, आमचे मॉडेलचे प्रमुख, म्हणतात पावलं हे काही माप नाही. त्यांनी ती विहीर दोनदा काढून टाकली. दोन्ही वेळा सकाळी मॉडेल उघडलं तर ती परत तिथंच, मामाजींच्या नावासकट. ऑफिसात आता तिला "दादाजींची विहीर" म्हणतात आणि संध्याकाळी कोणी एकटं तो भाग उघडत नाही. गंमत म्हणून म्हणतात, पण उघडत नाही.

पावलांचं मात्र मनावर घेऊ नकोस. तूच सांगायचीस ना, फाटक ते दार मामाजींची अकरा पावलं, घड्याळासारखी? तू चौदा मोजलीस. म्हणजे ते मामाजी नव्हेत, दुसरंच कोणी येतं. फाटकाला कुलूप लाव.

दीक्षा


हुडकेश्वर
२० एप्रिल २०२५

दीक्षा,

भलती हुशार वं तू! भूत नाई, चोर हाय म्हने. म्हातारीच्या घरी चोर रोज येते, चौदा पावलं चालते, अन् काही न नेता जाते. असा चोर भेटला तं मी त्याले जेवाले बसवन.

लावलं कुलूप. चौदा तारखेले जयंतीची मिरवनूक पाहून आली, पाय दुखून राह्यले होते, खिचडी खाऊन आडवी झाली. दोन वाजता पावलं. कुलूप जसंच्या तसं. दार उघडून पाह्यलं तं आंगनात ऊन अन् धूळ. धुळीत पायाचे ठसे. एक नीट उमटलेला, एक घासलेला. एक नीट, एक घासलेला. मी झाडून टाकले. तुले सांगाचं नव्हतं, पन आता लिहिलं तं राहू दे.

अकरा का चौदा, ते जाऊ दे. उन्हात मोजता मोजता मानूस चुकते.

मले एक सांग. मामाजीचं पाऊल अडीच फुटाचं, हे तू कुठून आनलं? अन् ते इहीर नाई निंघाली तं काय होते? तुमचे ते कृष्णकांत साहेब त्याहीचं नाव पुसून टाकन काय? लग्नात घोड्यावर न बसलेला मानूस तो, म्हने मी पायीच येतो, मले रस्ता मोजाचा हाय. वरात मांगं राह्यली अन् नवरदेव पुढं, बोटावर मोजत. मांडवात येऊन बापाले सांगते, तुमचं घर सडकेपासून सहाशे चाळीस पावलं. माह्या बापाले वाटलं, पोरगी येड्याले देऊन राह्यलो.

त्याहीचं नाव पुसाच्या आधी मले कळवजो.

आत्या


पुणे
२८ एप्रिल २०२५

आत्या,

अडीच फूट कुठून आणलं म्हणतेस? प्रतापनगरला शाळेत सोडायला यायचे तेव्हा रस्ताभर शिकवायचे. "दीक्षाबाई, चाळीस पावलं म्हणजे शंभर फूट, ना कमी ना जास्त." मी टेप लावून तपासायची. कधी बोटभर चूक नाही. तोच आकडा मी मॉडेलमध्ये टाकला. टाकताना कोणाला विचारावं असं वाटलंसुद्धा नाही.

आता नीट ऐक. आठ मे रोजी नवव्या खांबाच्या जागी खड्डा घेऊन बघणार आहेत. विहीर निघाली तर खांब सरकेल. नाही निघाली तर ती मॉडेलमधून जाईल, आणि माझा म्हाताऱ्यांना विचारायचा सगळा प्रस्तावही जाईल. मामाजींच्या बाकी बावीस गोष्टी राहतील, पण समोर नाव प्रीतमचं, कारण मोजल्या त्यानं.

मला नावाची काळजी नाही असं नाही. पण त्याहून मोठी काळजी वेगळी आहे. बुजवलेली विहीर वरून कळत नाही. कचरा आत कुजून खाली बसतो आणि वर जमिनीचं पापुद्र्यासारखं झाकण राहतं. माणूस चालला, गाडी गेली, काही होत नाही. पण खांबाचं भोक पाडायला साठ टनांचं मशीन येतं, भोवती आठ-दहा माणसं. ते झाकणावर उभं राहिलं तर काय होईल ते लिहीत नाही. सव्वीस मेला आठव्या खांबापासून काम सुरू होतंय, म्हणून त्याआधी ही विहीर आहे की नाही ते ठरलं पाहिजे.

हो, प्रीतमनं एक विचारलं. मामाजी त्या दिवसांत काठी का घेत होते, चालायला त्रास होता का? मी म्हटलं छे, ऐट आहे ती, रिटायर झाल्यावर साहेबासारखं दिसायचं होतं त्यांना. बरोबर ना?

दीक्षा


हुडकेश्वर
४ मे २०२५

दीक्षा,

हव. ऐटच होती.

इथी पंचेचाळीसच्या वर गेलं. कूलरची जाळी बदलली. सरितानं वांग्याचं भरीत आनून देल्लं, तिखट अंमळ कमी.

पावलं आता दाराशी थांबत नाई. आत येते. काल मोरीपर्यंत आली.

आत्या


पुणे
११ मे २०२५

आत्या,

खड्डा घेतला. अकरा फूट काळी माती आणि खाली मुरूम, जसा जन्मापासून आहे तसा. तिथं कधीच काही नव्हतं. प्रीतमनं चारी बाजूंना आणखी पाच-पाच फूट बघितलं, मशीननंही तपासलं. विहीर नाही.

आता एक कबूल करते. मॉडेलमध्ये विहीर परत यायची ना, ती मी ठेवत होते. सगळे गेले की उघडायची, मामाजींचं नाव टाकायची आणि घरी जायची. ऑफिसातली पोरं घाबरायची तेव्हा मीही घाबरल्यासारखं करायची. पहिल्यांदा केलं तेव्हा मजा वाटली. तिसऱ्यांदा मला स्वतःलाच कळेना, मी ठेवतेय की कोणी माझ्या हातून ठेवतंय. कृष्णकांत सरांना सगळं माहीत होतं. काल फक्त म्हणाले, "दीक्षा, माणसावर विश्वास ठेव, पण त्याच्या जागी खड्डा घेऊन बघ. घेतलास. आता सोड."

सोडली. काल मीच काढली. ती गेल्याबरोबर तो सगळा पट्टा हिरवा झाला, आठवा खांब, नववा खांब, सगळं मोकळं. सव्वीसला आठव्यावर मशीन चढेल.

मामाजी चुकले, आत्या. हे लिहायला मला अर्धा तास लागला.

दीक्षा


हुडकेश्वर
१८ मे २०२५

दीक्षा माय,

ही चिठ्ठी उभ्यानं वाचू नोको, बस. प्रीतमनं तुमच्या साहेबाले फोन केला असन, म्हनून अर्धं तुले माहीत असन. अर्धं फक्त माह्याजवळ हाय.

मामाजी चुकले नाई. मी खोटं बोलली.

दोन वर्षाआधी मार्चमंधी ते टाकीचं झाकन लावाले वर चढले अन् जिन्यावरून घसरले. डावा खुबा मोडला. आम्ही कोनाले सांगतलं नाई. तू म्हनशीन, काहून? त्याहीनं माह्या हातावर हात ठेवला अन् म्हटलं, "तुळसे, चेनमन लंगडा झाला म्हनून कोनाले सांगशीन नोको. दीक्षीले तं बिलकुल नाई." तुह्या फोनमंधी ते नेहमी खुर्चीवर बसलेले दिसत, हे तुह्या ध्यानात आलं नाई. येन कसं, आम्ही दोघं मिळून खुर्ची सरकवत होतो. मंग तू पुलाचं काम देल्लं. त्याहीचा चेहरा असा झाला का जसा नवीन नोकरी लागली. प्रीतम आला का ते काठी टेकून उभे राहत अन् दाखवत, चालत नव्हते. इहीर मोजाले पहाटे गेले ते याच्याचसाठी, का चालताना कोनी पाहू नये.

ते पाऊल अडीच फुटाचं राह्यलं नव्हतं, पोरी. उजवा पाय पुरा पडे, डावा घासत अर्धा येई. फाटकापासून दारापर्यंत अकराचे चौदा झाले. म्हनून चौदा. तू लिहिलं हे मामाजी नाई, अन् मी इथी चिठ्ठी हातात घेऊन बसली, का हेच मामाजी हाय, पन सांगू कशी.

तू काठीचं इचारलं तवा सांगाले पाह्यजे होतं. मी कूलरचं लिहिलं. त्याहीच्या हाताचा भार अजून माह्या हातावर हाय, असं वाटे. तुही खड्ड्याची चिठ्ठी आली तवाही मी दोन दिवस तशीच बसली.

मंग परवा सरिता आली. चहा पेली, कप ठेवला, अन् म्हने, "काकू, एक इचारू? तुम्ही रोज दुपारी उन्हात आंगनात काय करता?"

मी म्हटलं, "झोपलेली राह्यते मी."

"नाई काकू. मी गच्चीवरून पाह्यते. तुम्ही फाटकापासून दारापर्यंत चालता. डोळे उघडे, पन मी आवाज देल्ला तं ऐकत नाई. अन् काकाजीसारखं चालता. डिट्टो."

मी पायाचे तळवे उलटे करून पाह्यले. धूळ. डाव्या अंगठ्याची कातडी घासून लाल झालेली. मले वाटे चपलेनं लागलं.

तुले ठाऊक हाय, मी कशी नकलाखोर. लंगडाले लागले तवा पहिले काही महिने ते बोलतच नव्हते. मंग एक दिवस मी त्याहीच्या मांगं मांगं तसंच चालून दाखोलं, कमरेवर हात ठेवून. त्याहीनं वळून पाह्यलं. मले वाटलं आता मार खाते. पन ते हासले, डोळ्यात पानी येईपर्यंत. म्हने, "तुळसे, डावा आनखी जरासा घासून, तवा बरोबर." मंग रोजचंच झालं. पुढं ते, मांगं मी. शेवटी शेवटी तं आवाजही एक येई, दोघं चालून राह्यले हे आंधळ्याले समजलं नसतं. उंचीनं मी त्याहीच्या खांद्याएवढी, तरी चौदाच भरत.

ते गेले, अन् नक्कल मांगं राहून गेली. मले न इचारता चालून राह्यली.

रातभर नाई, तेवढ्याच घडीत मले सुचलं. ते पाऊल कुठीच नाई, मामाजीसोबत गेलं. पन माह्या पायात हाय.

काल सकाळी सातले मी ऑटोनं साइटवर गेली. प्रीतम म्हने, "आत्या, तुम्ही कायले आल्या?" मी म्हटलं, "तुह्या मशीनले चालाले शिकवाले आली. टेप घे." बिचारा हासला नाई. त्यालेही मामाजीचं वाईट वाटे. जुन्या नाक्याचा दगड अजून हाय, पानठेल्याच्या मांगं, अर्धा गाडलेला. तिथी उभी राह्यली, कमरेवर हात ठेवला, अन् पाय निंघालाच नाई. जागेपनी कधी एकटीनं केलं नव्हतं ना. पुढं कोनी पाह्यजे.

मंग मी समोर पाह्यलं. रोड, पत्रे, धूळ. अन् मले पाठ दिसली. पांढरा सदरा, उजवा खांदा उचललेला. दिसली म्हनू का आठवली म्हनू, तू शिकलेली हाय, तूच ठरव. पाठ चालाले लागली, मी मांगं लागली.

तोंडानं मोजून नाई राह्यली होती मी. कोन मोजून राह्यलं होतं मले समजत नव्हतं, पन आकडा ऐकू येई. ऐंशीवर एक ट्रकवाला भोंगा वाजवत गेला. दीडशेवर घाम डोळ्यात आला, पुसला नाई, पाठ सुटन म्हनून. प्रीतम मांगून टेप सोडत येई. दोनशेवर पाठ थांबली. मी थांबली. समोर काहीच नव्हतं वं. सपाट जागा, चुन्याचा गोल मारलेला, मंधात खिळा.

प्रीतमनं टेप पाह्यला. चारशे दोन फूट. मंग चुन्याच्या गोलाकडं पाह्यलं, अन् खाली बसला. "आत्या," म्हने, "हा आठवा खांब हाय. इथीच मशीन चढनार हाय. जरा सरकून उभ्या राहा."

मी सरकली नाई. मले सरकताच येत नव्हतं. त्यानं हाताले धरून नेलं.

शपथ मोडली मी. आता तू अन् मी, दोघीजनी जानतो.

आत्या


पुणे
२८ मे २०२५

आत्या,

तुझी चिठ्ठी वाचून मी जिन्यात जाऊन बसले. मग कृष्णकांत सरांकडे गेले आणि मोठ्यानं वाचली. त्यांनी प्रीतमच्या फोनवरच काम थांबवायला सांगितलं होतं, पण कारण माहीत नव्हतं. ते ऐकून त्यांनी आठव्या खांबाचा भाग उघडला. मग म्हणाले, "आपण पावलं मोजली, माणसाची विचारपूस केली नाही."

चोवीसला आठव्यावर हातानं खोदलं, मशीन जवळ आणू दिलं नाही. सहा फुटांवर घडीव दगडांचं गोल कडं लागलं. वर फरश्या आणि मातीचं झाकण. एक फरशी उचलली तर खाली पोकळ. कचरा खाली बसून गेलेला, वर पाच पुरुष खोल मोकळी जागा. प्रीतमनं खडा टाकला आणि मला फोनवर ऐकवला. आवाज यायला इतका वेळ लागला की मला वाटलं फोन कटला. त्या झाकणावर परवा मशीन असतं आणि दहा माणसं. त्यांतल्या चौघांनीच तो चुन्याचा गोल मारला होता, ते प्रीतमला तुझ्याबद्दल विचारत होते म्हणे, "वो अम्मा कौन थी?"

आठवा खांब सरकवतोय. विहीर मॉडेलमध्ये परत आली, खऱ्या जागी, या वेळी मशीननं मोजलेली. नाव मामाजींचंच.

आता एका गोष्टीसाठी लिहिते आहे. मॉडेलमध्ये एखाद्या वस्तूची जागा बदलली की कारण लिहावंच लागतं, रकाना रिकामा ठेवता येत नाही. "आधीचं स्थान का बदललं?" कृष्णकांत सर म्हणाले, "मोजणीतील चूक" एवढं लिही, कोणी काही विचारणार नाही, म्हाताऱ्याची झाकली मूठ राहील. खरं कारण लिहिलं तर ते तिथं राहील. पन्नास वर्षांनी पूल दुरुस्त करायला येणारा कोणीतरी अनोळखी माणूस उघडेल आणि वाचेल की दादाजी नगराळे लंगडे होते. ज्यासाठी त्यांनी तुझ्या हातावर हात ठेवला, नेमकं तेच.

मला ठरवता येत नाही. रकाना उघडा ठेवलाय. तू सांगशील ते लिहीन.

दीक्षा


हुडकेश्वर
५ जून २०२५

दीक्षा,

अम्मा म्हने! त्याहीले सांगजो, त्या अम्माले चाळीस वर्षं आधी पाह्यलं असतं तं चुन्याचा गोल वाकडा मारला असता.

पावलं बंद झाली. त्या दिवसापासून एकही दुपार नाई. पहिले दोन दिवस बरं वाटलं, झोप लागली. तिसऱ्या दिवशी मी उठून बसली अन् वाट पाहाले लागली. काल तं मुद्दाम फाटकापाशी गेली, कमरेवर हात ठेवला, डावा पाय घासून पाह्यला. नाई जमलं. सरिता गच्चीवरून म्हने, "काकू, आज बरोबर नाई होऊन राह्यलं." पाय सरळ पडते आता. चौदाचे सतरा होते, कधी पंधरा. म्हाताऱ्या बाईचे पाय, दुसरं काही नाई. एकदाच होतं माह्याजवळ ते, अन् ते तुह्या रोडावर खर्च झालं.

तुह्या रकान्याचा मी चार दिवस इचार केला. त्याहीचा हात आठवला. मंग असं वाटलं का हात त्याहीनं लाजेपायी ठेवला, पन सदरा घालून पहाटे मोजाले गेले ते लाजेपायी नाई गेले. घरी बसले असते तं कोनाले काय समजलं असतं? मोडक्या खुब्यानं दोनशे पावलं गेले, दोनशे परत आले, अन् आकडा बरोबर आनला. त्या मानसाच्या नावापुढं "चूक" लिहू देऊ? तुमच्या साहेबाची भलाई हाय, त्याहीले माहा जय भीम सांगजो, पन झाकली मूठ त्याहीनं आपल्या घरी ठेवावी.

तुहे मामाजी रागावले तं माह्यावर रागावतील. माह्यावर रागावनं त्याहीले जमतही नव्हतं.

जसं सांगते तसं लिही, आपल्या बोलीतच, सुधारजो नोको:

"मोजनाऱ्याचा डावा खुबा मोडलेला होता. पाऊल दोन फुटाचं. मोजनी बरोबर."

तुळसाबाई दादाजी नगराळे